पाहुण्यांसाठी कोरडी वाट

४ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

काल फोन केला होता, पण तुमचं "हं" आणि "बरं" एवढंच ऐकू आलं, त्यातलंही अर्धं रेंजने खाल्लं. म्हणून लिहायला बसलो. दादा म्हणायचा तेच खरं. तुमच्याशी बोलायचं तर पोस्टाचं तिकीट लावावं लागतं.

मार्चच्या अखेरीस दादाला जाऊन वर्ष होईल. माझ्या मनात आहे की त्या दिवशी गादीवर, त्याच्या पाणी मोजायच्या नळ्या आहेत तिथे, त्याच्या नावाचा एक दगड बसवावा. छोटासा कार्यक्रम. मी सहज मॅडमपाशी बोललो, म्हणजे आमच्या सचिव मॅडम, तर त्या म्हणाल्या, "मी स्वतः येते. नाहीतरी ज्या जमिनीवर नियम करायचा ती आम्ही पाहिलेली नाही." वहिनी, ही साधी गोष्ट नाही. आमच्या खात्यात अजून प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं की गादी म्हणजे नुसता चिखल नाही. हजारो वर्षांची पानं, मुळं, शेवाळ पाण्याखाली न कुजता साचली, त्याची ही काळी, पायाखाली दबणारी जमीन. चर खणून पाणी काढलं की ती कुजायला लागते, खचते, आणि तिच्यातलं सगळं हवेत जातं. दादा म्हणायचा, "न दिसणारा धूर." मी आता त्याचीच वाक्यं मीटिंगमध्ये वापरतो आणि लोकांना वाटतं मी हुशार आहे.

मसुदा तयार आहे. जूनमध्ये समितीपुढे जाईल. त्यातली मुख्य ओळ दादाची: अशा जमिनीत पाणी वीतभरापेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही. कागदावर वीस सेंटिमीटर लिहिलंय, पण मला ती ओळ वाचताना त्याचा पसरलेला पंजाच दिसतो.

एकच अडचण. मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बांधापासून दगडाच्या जागेपर्यंतची वाट कशी आहे? मागे मी आलो तेव्हा माझा एक बूट तिथेच राहिला होता, तो अजून असेल. दादाच्या अभ्यास केंद्राची किल्ली वर्षभर तुमच्याकडेच आहे, नवा माणूस काही नेमला गेला नाही, त्यामुळे हे तुमच्याच गळ्यात घालतो. वाट चालण्यासारखी होईल असं काहीतरी बघा.

तुमचा,
भाऊजी


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. तुम्ही हे मनावर घेतलंत, त्यांना आवडलं असतं. लोक जमवणं मात्र आवडलं नसतं, पण आता बोलावलंय तर असू दे.

वाट ओली आहे. ती ओलीच असते. मुकादम म्हणतो की फळ्या टाकून पाऊलवाट करता येईल, एका वेळी एक माणूस जाईल. मुकादम तुम्हाला आठवत असेल. पूर्वी इथले सगळे चर त्यानेच खणले, आणि मग यांच्या नादी लागून तेच चर बांध घालून अडवले. लोक यांना बूचसाहेब म्हणायचे आणि मुकादमाला बुचाचा दांडा. तो अजून कधी कधी संध्याकाळी येऊन मागच्या अंगणातल्या सळईपाशी उभा राहतो. ती सळई यांनी गादीतून आरपार खालच्या कठीण मातीपर्यंत ठोकली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचं टोक जमिनीला टेकलेलं होतं आणि मला तिची ठेच लागायची. आता ती माझ्या कमरेला लागते. सळई वर आलेली नाही, आपण खाली गेलोय, असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि तिच्यावर टोपी अडकवायचे. अलीकडची काही वर्षं, बांध घातल्यापासून, ती थांबली आहे.

दगड फार जड नसावा. मुकादम म्हणाला, मोठा असेल तर खाली मातीपर्यंत खांब ठोकून त्यावर ठेवावा लागेल.

दवाखान्यात काम जास्त आहे. औषधांच्या खिडकीवर मी एकटीच आहे. कामाचं बरं वाटतं.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

फळ्यांचं जमणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाई एका फळीवरून, मागे अधिकारी, त्यामागे फोटोवाले, ती सर्कस होईल. उद्या पेपरात मॅडम चिखलात बसलेल्या दिसल्या तर नियम तिथेच बुडाला म्हणून समजा. दादाला वीस वर्षांत जे जमलं नाही ते त्या एका दिवसावर आलंय. तुम्हाला वाटत असेल मी बुटांचं राजकारण करतोय. करतोय. धोरण तसंच होतं, वहिनी. आकडे सगळे वाचतात, पण सही करताना त्यांना आठवतं ते चहा गरम होता का आणि वाट बरी होती का.

ती वाट आठ-पंधरा दिवस थोडी कोरडी राहिली तर काय आकाश कोसळणार आहे? कसं ते तुम्ही आणि मुकादम ठरवा, त्यातलं मला कळत नाही.

दगड काळा ग्रॅनाइट सांगितलाय. जरा मोठाच आहे. दादाला लहान दगड शोभला नसता. खांब वगैरे ठोकायला आता वेळ नाही.

भाऊजी


२ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही सुखरूप पोचलात हे कळलं.

कार्यक्रम चांगला झाला असं सगळे म्हणाले. तुम्ही पाहुण्यांच्या मागे होतात म्हणून तुम्हाला ऐकू गेलं नसेल, ते लिहिते. मॅडम माझा हात धरून चालत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "मला वाटलं होतं याहून ओलं असेल." मागून बागायतदार संघाचे, म्हणजे चर खणून बागा करणाऱ्यांचे, ते सल्लागार, पिवळ्या काड्यांचा चष्मा लावणारे, म्हणाले, "अहो, इथे तर घरच्या चपला घालून यावं!" सगळे हसले. मीही हसले. नंतर मला ते हसणं फार वेळ आठवत राहिलं.

तुम्ही यांच्याविषयी बोललात ते खरं होतं. तुमचा आवाज यांच्यासारखा येतो, विशेषतः खोकताना.

मुकादम आला नव्हता, ते तुम्ही विचारलंत. बरं नव्हतं असं मी तेव्हा सांगितलं. त्याची तब्येत चांगली आहे.

दगड सरळ उभा आहे. नाव नीट कोरलंय. मी रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी तिकडे एक फेरी मारते. वाटेत जमीन पायाखाली दबत नाही, याची सवय नाही. काळी माती वरवर भुगा होते आणि वाऱ्याने उडून दगडावर बसते. मी पुसते.

वहिनी


९ मे

वहिनी,

नमस्कार. जरा घाईत लिहितोय, आणि वाईट बातमी आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, दादाच्या नळ्यांमधल्या नोंदी रोज आपोआप आमच्याकडे येतात आणि कुणालाही बघता येतात. तो दादाचाच आग्रह होता: लपवायचं काही नाही. बागायतदार संघाच्या त्या पिवळ्या चष्म्याने त्या काढल्या. मार्चच्या सुरुवातीपासून पाणी खाली खाली गेलं, आता कुठे वर येतंय. वीत कसली, जवळजवळ हातभर. आणि हे कुठे, तर जिथले चर आपण अडवलेत, ज्या जागेचं उदाहरण आपण मसुद्यात पानभर दिलंय, तिथे! त्याने समितीला लिहिलंय, "बूच लावूनही पाणी जात असेल, तर आमच्या बागांचं पाणी कोंडून काय साधणार?" वाक्य चांगलं आहे, म्हणूनच भीती वाटते. मॅडमनी माझ्याकडे खुलासा मागितलाय.

मी आलेख उलटसुलट पाहिला. पाऊस नव्हता हे खरं, पण आधीच्या उन्हाळ्यांत असं कधी झालं नाही. याचा अर्थ एकच निघतो, नळीतलं यंत्र बिघडलं. वहिनी, राग मानू नका, पण शेवटच्या वर्षात दादाचं यंत्रांकडे दुर्लक्ष झालं असेल. आजारी माणूस, किती बघणार? त्यात कमीपणा नाही.

मी दोन ओळी टाइप करून सोबत पाठवतोय: "सदर कालावधीत यंत्र नादुरुस्त असल्याने नोंदी ग्राह्य धरू नयेत." केंद्राची जबाबदारी सध्या तुमच्याकडे आहे म्हणून सही तुमची लागेल. सही करून उलट टपाली पाठवा. बाकी मी सांभाळतो.

भाऊजी


१५ मे

भाऊजी,

कागद सही न करता परत पाठवते आहे.

नळीला काही झालेलं नाही. यंत्रालाही नाही. पाणी खरंच खाली गेलं होतं. मुख्य चराच्या बांधातल्या फळ्या मी काढल्या.

तुमचं दुसरं पत्र आलं त्याच दिवशी मी मुकादमाकडे गेले. तुम्ही बांध पाहिलाय, दोन खांबांच्या खाचांत एकावर एक लाकडी फळ्या बसवलेल्या असतात, वरच्या काढल्या की तेवढं पाणी वाहून जातं. मी म्हटलं, वरच्या फळ्या थोडे दिवस काढून ठेवूया, वाट सुकेल. तो जेवत होता. त्याने हात थांबवला आणि म्हणाला, "बाई, साहेबांनी लावलेलं बूच साहेबांच्याच कार्यक्रमाला काढायचं?"

मी म्हटलं, "मोठी माणसं येणार आहेत. नियम होणार आहे."

"कसला नियम?"

"पाणी काढू नये म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याची बायको आतून म्हणाली, "अहो, बाई काय म्हणतायत ते नीट ऐका तरी." तो म्हणाला, "नीट ऐकलं म्हणूनच गप्प आहे."

तो आला नाही. मग मीच लोखंडी आकडा घेऊन गेले आणि फळ्या ओढून काढल्या. पहिली निघेना, ओलीने फुगली होती. मी चिडून जोर लावला. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की इतकी माणसं येणार, आणि यांच्या नावाचा कार्यक्रम चिखलात फसला असं व्हायला नको. लोक काय म्हणतील, हे यांनी जन्मभर मनात आणलं नाही. मी त्यांच्या नावाने तेवढंच आणलं.

कार्यक्रम झाल्यावर फळ्या लावायला गेले तर त्या वाळून वाकल्या होत्या, खाचेत बसेनात. दोन आठवडे मी एकटी झटत होते, कुणाला सांगायची लाज वाटत होती. एक दिवस सकाळी गेले तर बांध नीट लागलेला. नव्या फळ्या. मुकादमाने त्याबद्दल अजून एक शब्द काढलेला नाही. त्याची बायको खिडकीवर औषध घ्यायला येते, गोळ्या घेते आणि माझ्याकडे न बघता जाते. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

वरच्या कडेच्या झऱ्यांचं पाणी पाऊस नसतानाही येत असतं, त्यामुळे आता पाणी पुन्हा वीतभरावर आलंय. पण मी सळईपाशी जाऊन पाहिलं. दोन बोटं जास्त उघडी पडली आहे. पाणी परत आलं, जमीन आली नाही.

हे सगळं मी २ एप्रिलच्या पत्रातच लिहायला हवं होतं. लिहिण्याचं धाडस झालं नाही.

आजारपणात त्यांचं यंत्रांकडे दुर्लक्ष झालं नव्हतं. ते नीट उभे राहू शकत नव्हते तेव्हा मुकादमाच्या खांद्याला धरून नळीपर्यंत जात.

वहिनी


१९ मे

वहिनी,

पत्र ऑफिसमध्ये उघडलं ही चूक झाली. शेजारचा विचारायला लागला, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, पाण्याचा प्रॉब्लेम आहे.

तुम्हाला दोष देऊ तरी कोणत्या तोंडाने? "काय आकाश कोसळणार आहे" हे माझंच वाक्य. "कसं ते तुम्ही ठरवा, मला त्यातलं कळत नाही", हेही माझंच. हे आम्ही ऑफिसात रोज करतो. काय हवं ते सांगायचं, कसं ते सांगायचं नाही, म्हणजे हात कोरडे राहतात. कळत होतं मला. दादाचा भाऊ आहे मी, वाट कोरडी करायचा एकच उपाय असतो हे मला कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

पण वहिनी, आता शांतपणे ऐका. झाकली मूठ झाकलेलीच बरी. खरं सांगायचं तर काय सांगू? की ज्या माणसाने आयुष्यभर पाणी अडवलं, त्याच्याच दगडासाठी त्याच्या घरच्यांनी पाणी सोडलं? आणि कुणाच्या सोयीसाठी, तर मॅडमच्या! हे मी मॅडमच्या तोंडावर, त्या पिवळ्या चष्म्यासमोर वाचू? लोक पोट धरून हसतील. त्या हशात दादाची ओळ वाहून जाईल. माझं काय होईल ते सोडा. म्हणजे सोडवत नाही, पण सोडा.

यंत्र बिघडलं म्हटलं तर कुणाचं काय जातं? नळी निर्जीव आहे. तिला कसली लाज? नियम एकदा होऊ दे, मग गादी वाचेलच. दादानेही एवढा व्यवहार मान्य केला असता.

तुमची सही नको. तुम्ही फक्त गप्प राहा. ते तुम्हाला जमतं.

(वरची ओळ लागट झाली. खोडली तर पत्र पुन्हा लिहावं लागेल, आणि पुन्हा लिहायला बसलो तर पाठवणार नाही. माफ करा.)

भाऊजी


२४ मे

भाऊजी,

ओळ खोडायची गरज नाही. खरी आहे.

नळी निर्जीव आहे, पण ती यांनी बसवली. मार्चमध्ये सगळ्या जागेत एकटी तीच खरं सांगत होती. मी हसत होते, तुम्ही भाषण करत होतात, दगड उभा होता, आणि नळी रोज पाणी किती खाली चाललंय ते कळवत होती. आता तिलाच खोटं ठरवायचं असेल, तर आधी दगडावरचं नाव घासून काढा आणि मग ठरवा. मला वाईट बोलायची सवय नाही, पण हे बोलते.

हसतील हे मलाही कळतं. मी इथे रोज त्याच चेहऱ्यांसमोर औषधं देते. लोकांना कळलंय. परवा एक जण रांगेतून म्हणाला, "बाई, ताकद वाढायची गोळी द्या, फळ्या ओढायच्यात." मी त्याला त्याची खोकल्याची बाटली दिली.

सोबत वेगळा कागद आहे, समितीच्या नावाने. त्यात लिहिलंय की कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाट कोरडी व्हावी म्हणून मुख्य चराच्या फळ्या मी काढल्या, कधी काढल्या आणि कधी पुन्हा लागल्या. तुमचं नाव त्यात नाही. मॅडमचंही नाही. सही माझी आहे, खाली त्यांची पत्नी असं लिहिलंय.

वाचायचा की नाही ते तुम्ही ठरवा. कसं ते मी सांगत नाही.

वहिनी


१२ जून

वहिनी,

समिती परवा झाली. दोन दिवस लिहिता आलं नाही.

खिशात दोन कागद घेऊन गेलो होतो. डाव्या खिशात तुमचा, उजव्या खिशात "यंत्र नादुरुस्त" वाला, माझ्या सहीचा. हो, केली होती सही. तुम्हाला हे सांगितलं नाही तर या पत्राला अर्थ नाही.

पिवळ्या चष्म्याने आलेख पडद्यावर लावला आणि म्हणाला, "हे बघा, आदर्श जागा! आदर्शच पाझरतोय." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात आधी उजव्या खिशात गेला. आणि पडद्यावर ती रेघ दिसत होती. मार्चपर्यंत सरळ, मग घसरगुंडी, मग खाली आडवी, शेवटी पुन्हा चढ. मला एकदम वाटलं की ती रेघ माझ्याकडे बघतेय, वहिनी, शाळेत दादा बघायचा तशी. मी खोटं बोलायच्या आधीच त्याला कळायचं, आणि तो काही बोलायचा नाही, नुसता थांबायचा.

मी तुमचा कागद काढला आणि वाचला. "पाहुण्यांसाठी वाट कोरडी व्हावी म्हणून" इथपर्यंत आलो आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. एक जण म्हणाला, "म्हणजे डॉक्टरनेच रोग्याचं बूच काढलं!" टेबलावर हात आपटून हसले लोक. हशा थांबल्यावर मी म्हटलं, "यात एक गोष्ट लिहिलेली नाही. वाट कोरडी करा असं पत्र मी पाठवलं होतं. फळ्या ज्यांनी ओढल्या त्यांना मी ओढायला लावल्या." नंतर कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

मॅडमनी टेबलाखाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. अगदी क्षणभर, पण मी पाहिलं. मग म्हणाल्या, "तारखा पुन्हा वाचा." मी वाचल्या. त्यांनी पडद्यापाशी जाऊन बोट ठेवलं. फळ्या निघाल्या त्या दिवसापासून रेघ खाली. फळ्या लागल्या त्या दिवसापासून रेघ वर. "मध्ये पाऊस?" मी म्हटलं, "एक थेंब नाही." त्या सल्लागाराकडे वळल्या. "तुम्ही विचारत होता ना, बुचाने काय साधतं?" त्याने चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि पाणी परत आलं म्हणजे सगळं भरून आलं ना?" त्यांना हो ऐकायचं होतं, वहिनी. आम्हा सगळ्यांनाच ऐकायचं होतं. मी तुमच्या पत्रातलं वाक्य सांगितलं: पाणी परत आलं, जमीन आली नाही.

दादाची ओळ राहिली. वीतभर. बागायतदारांना सवलतीची मुदत मिळाली, ती मला हवी होती त्याहून लांब आहे, पण ओळ राहिली.

तुम्ही याला चांगली बातमी म्हणाल म्हणून पुढचं सांगतो. मॅडमनी हुकूम केलाय की तो आलेख नियमाच्या जोडपत्रात छापायचा, कारणासकट. म्हणजे आपण दोघांनी काय केलं ते आता जो नियम उघडेल तो वाचणार. मी टाइप करताना "केंद्राची देखभाल करणाऱ्या व्यक्तीने" असं घातलं होतं, तुमचं नातं झाकावं म्हणून. तुम्ही म्हणाल तसं ठेवतो. मला मसुद्याच्या कामावरून काढून आवक-जावक विभागात बसवलंय. पाकिटं उघडतो आणि शिक्के मारतो. लिफ्टमध्ये एक जण म्हणाला, "काय, आज वाट कोरडी आहे ना?" एवढंच.

लाज गेलेली नाही. वाटलं होतं, वाचून टाकलं की जाईल.

दगड कसा आहे? खांब ठोकू दिले नाहीत, ते रोज आठवतं.

भाऊजी


३० जून

भाऊजी,

पत्र दोनदा वाचलं. उजव्या खिशाचं सांगितलंत, बरं केलंत.

जोडपत्रात "त्यांच्या पत्नीने" असंच लिहा. ते काय, मी वर्षभर केंद्राची देखभाल करणारी व्यक्तीच आहे, पण फळ्या काढल्या त्या पत्नीने. व्यक्तीने काढल्या नसत्या. वाचणाऱ्याला ते कळायला हवं.

तुम्ही म्हणता लाज गेली नाही. माझीही गेली नाही. मी सकाळी बांधावरून जाते तेव्हा वरच्या फळीला हात लावून बघते, घट्ट आहे ना. ती असते. तरी रोज बघते.

दगडाचं आता लिहिते, वाईट वाटून घेऊ नका. तो उभा राहिला तो जमीन सुकलेली होती म्हणून. पाणी वर आलं तसा तो आधी एका अंगाला कलला आणि मग खाली जायला लागला. पहिल्यांदा पायथ्याची नक्षी गेली. मग त्यांची पदवी गेली. परवापासून तारखा बुडायला लागल्या आहेत. नाव अजून वर आहे.

मी मुकादमाला विचारलं, बाहेर काढता येईल का? हे आमचं मार्चनंतरचं पहिलं बोलणं. त्याने दगडाभोवती एक चक्कर मारली, पायाने जमीन दाबून पाहिली आणि म्हणाला, "येईल की. क्रेन लागेल."

मी म्हटलं, "मग बोलवूया."

तो म्हणाला, "बोलवा. पण क्रेन इथवर यायची तर आधी वाट कोरडी करावी लागेल."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो गंभीर चेहरा करून उभा होता, आणि मग त्याच्या मिशा हलल्या. भाऊजी, मी वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले आणि हसता हसता मला रडू आलं. तो तोंड फिरवून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेबांना आवडलं असतं. दगड नाही. हे." मग जाताना म्हणाला, "जाऊ दे खाली. बूच म्हणून बसला तर बसला."

तेव्हा दगड तसाच राहू देणार आहे. तुम्ही हो म्हणाल असं धरून चालते. ते सांगायचे की या पाण्यात गेलेलं काही नासत नाही, पाणी आहे तोवर. त्यांनी एकदा मला गादीतून निघालेलं एक पान दाखवलं होतं. कोण जाणे किती जुनं, पण त्याच्या शिरा मोजता येत होत्या. हवा लागली आणि ते हातात काळं पडलं. मला तेव्हा त्यात एवढं काय ते कळलं नव्हतं. मी चहा ठेवायला आत गेले होते.

मुकादमाची बायको काल खिडकीवर आली होती. गोळ्या घेतल्या आणि म्हणाली, "एवढ्या वाळलात, जेवता की नाही?" मी "हं" म्हटलं.

जमलं तर पुढच्या महिन्यात या. नाव बुडायच्या आत. बरोबर कुणाला आणू नका. आणि गमबूट आणा, मागच्यासारखे साधे बूट नकोत. वाट ओली आहे.

वहिनी